मदत हवी आहे: फिरत्या शिफ्टमध्ये इनडोअर सायकलिंगचा प्लॅन कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातून विचारतोय. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, दर आठवड्याला शिफ्ट फिरते: फस्ट, सेकंड, नाईट. वय 43. डिसेंबरात 200 किमीची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड, शर्यत नव्हे) करायची आहे. साडेतेरा तासांची मुदत सपाटीवर पुरते, पण चढाला दम निघतो. पन्हाळ्याला जाताना वाघबिळापासून वर लय मोडतेच.

पावसाळ्यात बाहेर पडणं होत नाही म्हणून स्मार्ट ट्रेनर (सायकल जोडून घरात चालवायचं, लोड आपोआप बदलणारं यंत्र) घेतला. ॲपमधला 12 आठवड्यांचा प्लॅन असा: मंगळवारी स्वीट स्पॉट (थ्रेशोल्डच्या जरा खाली), गुरुवारी थ्रेशोल्ड (तासभर जेमतेम टिकेल एवढा जोर), शनिवारी व्हीओटू मॅक्स (त्याहून जड, काही मिनिटांचे सेट), रविवारी तीन तास झोन 2 (बोलत बोलत जमेल असा हलका वेग). प्लॅन बनवणाऱ्यानं नाईट शिफ्ट कधी केलेली नसावी. सकाळी सातला सुटून घरी यायचं, झोपायचं आणि संध्याकाळी थ्रेशोल्ड मारायचा, हे जमेना.

दुसरं, जानेवारीत 20 मिनिटांची टेस्ट दिली. सरासरी 200 वॅट, त्याचे 95 टक्के म्हणजे एफटीपी (साधारण तासभर टिकेल असा कमाल वॅट) 190. आता एफटीपीच्या 90 टक्क्यांवर 12 मिनिटांचे तीन सेट, म्हणजे 171 वॅट, तर तिसऱ्यात पाय जाम. एर्ग मोडमध्ये (ट्रेनर ठरलेले वॅट स्वतःच धरून ठेवतो) केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, पडला की लोड आणखी चढतो आणि पेडल फिरतच नाही. जानेवारीत ट्रेनर गॅलरीत होता, आता झड आत येते म्हणून बंद खोलीत आहे.

काय गाळू, काय ठेवू? एफटीपी सरसकट कमी करू का? रविवारचे तीन तास खरंच लागतात?

("मन घट्ट कर" आणि "भारीतला ट्रेनर घे" हे दोन सल्ले मिळाले आहेत. दुसरा इथं देऊ नका, घरचे धागा वाचतात.)

घाटवेडा:
नाईटच्या आठवड्यात सायकलला हात लावू नका. झोपा गुमान.

चेन_ग्रीस:
अगदी बंद करायची गरज नाही, पण दिशा बरोबर आहे.

दादा, आधी वार विसरा. तुमचं चक्र तीन आठवड्यांचं आहे, तोच तुमचा प्लॅन. बहुतेक प्लॅनमध्ये तीन आठवडे चढते नि चौथा हलका असतो. तुम्ही फस्ट आणि सेकंडला कष्ट करा, नाईटचा आठवडा हलका. चाळिशीनंतर दोनास एक हे प्रमाण तसंही बऱ्याच जणांना मानवतं. 12 आठवड्यांत अशी चार चक्रं बरोबर बसतात.

कष्टाच्या आठवड्यात जड वर्कआउट दोनच, मध्ये किमान 48 तास. स्वीट स्पॉट आणि थ्रेशोल्ड ठेवा. व्हीओटू मॅक्स सध्या गाळा. 200 किमीला तुमचं अडतंय ते लांब चढावर टिकून राहण्यात, काही मिनिटांच्या धडाक्यात नाही. नाईटला झोन 2 ची 40-45 मिनिटं, तीही पुरेशी झोप झाली असेल तरच.

एफटीपीला लगेच हात लावू नका. मला खोलीचाच संशय येतो. जुलैच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापतं, तेवढ्याच वॅटला हृदयाचे ठोके चढत जातात. छताचा पंखा कामाचा नाही, पायावर उभा राहणारा पंखा समोरून छातीवर घ्या. दुसऱ्या खिडकीची फट उघडी ठेवा. तरीही तिसरा सेट मोडला, तर त्या वर्कआउटचीच तीव्रता 5 टक्के खाली घ्या, 162 च्या आसपास. किंवा वॅट तेच ठेवून 9 मिनिटांचे चार सेट करा, एकूण 36 मिनिटं तीच. जानेवारीचा आकडा तसाही शिळा झालाय, त्याच खोलीत नव्यानं टेस्ट द्या. नाईट संपल्या संपल्या मात्र नको.

एर्गमध्ये अडकलात तर लोडशी झुंजू नका. पेडल थांबवा, लोड उतरू द्या, हलक्या पायानं 90 चा केडन्स पकडा. वारंवार होत असेल तर लांब सेटला एर्ग बंद करून गिअरवर चालवा.

रविवारी दीड तास पुरे, 115 ते 130 वॅट. ट्रेनरवर उतार नसतो, पाय सतत चालतात. मात्र बूड, हात आणि सायकलवर खाण्याची सवय खोलीत होत नाही. त्यासाठी ऑक्टोबरपासून गगनबावड्याकडं लांब राईड काढाव्याच लागतील.

धागाकर्ता:
शिफ्टचं चक्र आणि प्लॅनचं चक्र असं जुळेल हे डोक्यातच आलं नव्हतं. सेकंडला रात्री साडेअकराला घरी येतो. मग जड वर्कआउट सकाळी किती वाजता? आणि मध्येच लाईट गेली तर?

चेन_ग्रीस:
झोप पूर्ण करून, साडेनऊ-दहाला. वर्कआउटच्या तासभर आधी केळं किंवा पोहे खा. गंगावेशीतलं धारोष्ण दूध वर्कआउटनंतर, आधी नको, पोटात घुसळण होते.

लाईटचं म्हणाल तर ट्रेनर आणि राऊटर इन्व्हर्टरवर घ्या. पण पंखाही त्यावर असू द्या, नाहीतर वाफेत शिजाल. तेवढंही नसेल तर उरलेला सेट सोडा. लाईट आल्यावर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, मुकाट आंघोळीला जायचं.