एच-अल्फा फिल्टर सगळीकडे चालत नाही

एच-अल्फा फिल्टर (हायड्रोजनचा लाल प्रकाशच आत सोडणारा) लावला की कुठल्याही काळ्या तेजोमेघाचा, म्हणजे मागचा उजेड अडवणाऱ्या धुळीच्या ढगाचा, फोटो शहरातून निघतो असं बरेच जण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. ‘घोड्याचं डोकं’ हा तेजोमेघ, म्हणजे बर्नार्ड ३३, निघतो कारण त्याच्यामागे हायड्रोजनचा लाल पडदा चमकतोय, आपण खरं तर पडद्याचा फोटो काढतो आणि धूळ आपोआप आडवी येते (तेज नाही तरी नाव तेजोमेघ, असो). तिथे डोकेदुखी वेगळी, मृगाच्या बाणातला अल्निटाक तारा शेजारीच, त्याचा हेलो म्हणजे उजेडाचं वलय सगळ्या फ्रेमवर पसरतो.

पण वृषपर्वा तारकासमूहातला बर्नार्ड १५० घ्या, मागे नुसते आकाशगंगेचे तारे, तिथे नॅरोबँड (एच-अल्फासारखा अरुंद पट्ट्याचा फिल्टर) लावून काय मिळणार? काळोखं आकाश, अमावास्येच्या आसपासची रात्र आणि साधं एलआरजीबी (एकूण उजेड आणि लाल, हिरवा, निळा असे फिल्टर), तेही तासन् तास.

आणि प्रोसेसिंगला बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन (आकाशाचा नको असलेला उजेड फोटोतून वजा करणं) जपून करा. माझे सॅम्पल पॉइंट (रिकामं आकाश कुठे आहे ते सॉफ्टवेअरला सांगणारे ठिपके) धुळीवरच पडले होते, सॉफ्टवेअरला ती ग्रेडियंट, म्हणजे आकाशाच्या उजेडातला चढउतार, वाटली आणि तीन रात्रींची मेहनत एका क्लिकमध्ये गुळगुळीत राखाडी, मी आपला फोकस चुकला म्हणून रॉ फायली उघडून बघतोय! आता पॉइंट हाताने टाकतो, थोडेच.