इंटरसेप्शन नाहीत म्हणून लगेच फुली नको

कॉलेजच्या शेवटच्या दोन सीझनला एकपण इंटरसेप्शन (समोरच्या टीमचा पास मधेच पकडणं) नाही म्हणजे कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्या रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये (कॉलेजातून खेळाडू निवडताना) खालच्या राउंडचा, असं वर कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही बुवा. डेरेक स्टिंगली बघा की, एलएसयूत (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) 2019 ला 6 इंटरसेप्शन, पुढची दोन वर्षं भोपळा, वर पायाची दुखापत, तरी एनएफएलच्या ह्यूस्टन टेक्सन्सनी 2022 ला तिसऱ्या नंबरवर उचलला आणि 2024 ला गडी फर्स्ट टीम ऑल-प्रो (लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंत).

मी टेपवर (मॅचच्या व्हिडिओत) कॉर्नरबॅकचे हात बघतो. कॉलेजात बॉल सुटायच्या आधी रिसीव्हर समोर आहे तोवर त्याला रेटता येतं, एनएफएलमध्ये 5 यार्डांपुढे तेच केलं की फ्लॅग (पेनल्टी) आणि समोरच्याला आयता फर्स्ट डाउन (नव्याने चार संधी), आणि पास इंटरफिअरन्स (बॉल हवेत असताना रिसीव्हरला अडवणं) तर विचारूच नका, कॉलेजात जास्तीत जास्त 15 यार्ड, एनएफएलमध्ये जिथे फाउल तिथे बॉल. त्यामुळे दहा यार्डांवरही ज्याचा हात रिसीव्हरच्या छातीवरच असतो त्याला मी तरी पहिल्या राउंडात घेणार नाही, मग कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या चाचणीत) चाळीस यार्ड कितीही जोरात पळू दे.