'कॅश चालू करा' म्हणजे नेमकं काय करा?

विजापूरवेस
एका वाक्यावर अडलोय. सोलापुरातल्या आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थांची (वाचनालयं, पतसंस्था, दोनतीन शाळा) संकेतस्थळं जे सांभाळतात, त्यांच्यासाठी दोन पानी मराठी टिपण करतोय. बहुतेक जण कारकून नाहीतर शिक्षक, सर्व्हर त्यांच्या गळ्यात पडलेला. वाक्य असं: 'स्क्रिप्ट कॅश चालू करा आणि तिला पुरेशी मेमरी द्या.' (कॅश म्हणजे संगणकानं पुन्हा लागेल म्हणून हाताशी राखून ठेवलेला साठा.) ज्या सरांना तपासायला दिलं त्यांनी 'स्क्रिप्ट कॅश' लाल शाईनं खोडून 'संहिता-संचय' केलं. ते दोघांना वाचून दाखवलं. एकानं विचारलं, नाटकाचं काही आहे का. दुसरा म्हणाला, आचारसंहिता लागली की काय.

'कॅश' तसंच ठेवलं तर निराळाच घोळ. मागे एका पतसंस्थेत फोनवरून सांगितलं, 'आधी कॅश क्लिअर करा, मग लॉगिन करून बघा.' पलीकडे शांतता. मग बाई म्हणाल्या, 'साहेब आल्याशिवाय मी कॅशला हात लावणार नाही.' बरोबरच होतं त्यांचं. सुचवा काहीतरी.

निवृत्त मुद्रितशोधक
आमच्याच घरात कॅश, कॅशे आणि कॅचे असे तीन उच्चार नांदतात. इंग्रजीत ही कॅश आणि पैशांची कॅश कानाला सारखीच, कूळ मात्र वेगळं. पैशांची आली पेटीवरून. ही आली 'लपवणे' या फ्रेंच क्रियापदावरून. उत्तर अमेरिकेत कातड्यांच्या मागे हिंडणारे फ्रेंच शिकारी परतीच्या वाटेवर लागेल म्हणून दाणागोटा जमिनीत पुरून ठेवत, त्या जागेला हा शब्द. संगणकात तो रुळला १९६८ च्या सुमारास, आयबीएमच्या ३६० मालिकेतल्या ८५ क्रमांकाच्या यंत्रापासून.

म्हणजे मुळात काय, तर जमिनीत दडवलेलं धान्य. यासाठी सोलापूरकरानं संस्कृतच्या दारात जावं? आपल्याकडे 'पेव' आहे की!

होटगीकर
पेव म्हटलं की हल्ली ते फक्त फुटतं. क्लासचं पेव फुटलं, बाबांचं पेव फुटलं. 'सर्व्हरवर पेव चालू करा' असं वाचून कारकून मशीन बंद करून घरी जाईल.

दाणेवाला
मंगळवेढ्याकडे आजोबांच्या वाड्यात खरं पेव होतं, म्हणून बोलतो. वर तोंड अरुंद, आत माणूस उभा राहील एवढं खोल. ज्वारी भरून झाली की फरशी ठेवून लिंपून टाकायचे. उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आतली हवा कोंदलेली, खाली गेलेला माणूस तिथंच राहायचा. आधी तोंड मोकळं ठेवायचं, मग कंदील सोडायचा. विझला तर अजून थांबायचं.

आता सांगा, कॅशचं काम असं असतं का? ती लागते हाताशी, तीही पटकन. पेव म्हणजे हार्ड डिस्क झाली. कॅश म्हणजे चुलीशेजारची दुरडी.

निवृत्त मुद्रितशोधक
दुरडी झाकलेली नसते. लपवण्याचा अर्थ कुठे गेला?

तिसरी पाळी
अर्थ गेला तिकडे जाऊ द्या ओ सर. मागावर तुमच्या या गोष्टीला आधीपासून शब्द आहे. विणणारा धोट्यातली कांडी संपली की रहाटावर जाऊन सूत भरत बसत नाही. आजी आधीच कांड्या भरून शेजारी ठेवायची. संपली की काढ, दुसरी घाल. माग दोन क्षण थांबतो, तेवढंच. आमच्या घरात तेलुगू चालते, पण हे सगळं मराठीतूनच बोललं जायचं. 'भरलेल्या कांड्या' म्हणा. अर्ध्या सोलापूरला कळेल.

होटगीकर
आणि उरलेल्या अर्ध्याला वाटेल जादूची कांडी, झालंच तर उसाची कांडी.

विजापूरवेस
थांबा, नेमकं काय राखून ठेवतात ते आधी सांगतो. पीएचपी ही आपली संकेतस्थळं ज्यात लिहिलेली असतात ती भाषा. तिची फाइल सर्व्हरनं दर मागणीला उघडायची, वाचायची, यंत्राला पाळता येतील अशा सूचनांत तिचं रूपांतर करायचं, मग चालवायची. काम झालं की रूपांतर टाकून द्यायचं. पुढच्या सेकंदाला दुसरा माणूस आला की पुन्हा पहिल्यापासून. ओपीकॅश, म्हणजे पीएचपीची स्क्रिप्ट कॅश, ते रूपांतर मेमरीत ठेवतं. २०१३ च्या ५.५ आवृत्तीपासून पीएचपीबरोबरच येतं. सेटिंगमध्ये काही बदललं नाही तर १२८ एमबी जागा घेतं आणि मूळ फाइल बदलली का हे २ सेकंदांच्या अंतरानं बघतं.

सात रस्ता
म्हणजे कडक भाकरी! एकदा थापून वाळवून ठेवली की महिनाभर पाहुणा कधीही येवो, वर शेंगाचटणी घालून पुढे करायची. 'कडक भाकरी चालू करा.' विषय संपला.

विजापूरवेस
नाही ना, इथंच सगळे फसतात. तयार पानच्या पान ठेवणं म्हणजे कडक भाकरी, ती वेगळी कॅश. स्क्रिप्ट कॅशमध्ये भाकरी प्रत्येकाला ताजीच थापून मिळते, फक्त दळण आधी आणून ठेवलेलं असतं. गिरणीच्या रांगेत उभं राहायचं नाही, एवढाच फायदा. डेटाबेसच रडत असेल तर ही कॅश काही करत नाही, चूल थंड असल्यावर पिठाचा काय उपयोग? हा फरक कळला नाही तर माणूस मेमरी वाढवत बसतो आणि साइट तशीच रांगते.

दाणेवाला
मग 'दळण'च म्हणा. पीठही शिळं होतं, बाजरीचं तर पटकन कडू.

विजापूरवेस
शिळ्यावरून आठवलं. एका ठिकाणी ते फाइल तपासणं कुणीतरी बंद करून ठेवलं होतं, वेग वाढावा म्हणून. मी रात्री दुरुस्त फाइल चढवली. साइटवर जुनंच दिसतंय. पुन्हा चढवली, तरी जुनंच. पहाटे डोक्यात आलं की सर्व्हर अजून आधीच्याच पिठाच्या थापतोय. पीएचपी पुन्हा चालू केल्यावर सुटलं.

निवृत्त मुद्रितशोधक
उपमा रुचकर आहेत, पण परिभाषा अशी होत नसते. 'महापौर' आला तेव्हाही लोक हसलेच होते. आज मेयर कोण म्हणतं? 'संचय' दहा वर्षं वापरा, आचारसंहिता कुणाला आठवणार नाही.

होटगीकर
'दिनांक'सुद्धा त्याच टांकसाळीतला. फॉर्मवर दिनांक लिहितो, पण कोर्टात अजून तारीखच पडते. तुम्ही एकच उदाहरण सांगालाव सर. शिवाय तो कारकून सेटिंगच्या पानावर जाणार, तिथं सगळं इंग्रजीत. 'संचय' शोधत बसला तर सापडणार कुठे?

तिसरी पाळी
म्हणूनच नाम कशाला पाहिजे? क्रियापद वापरा. आपण रोज बोलतोच की, करून ठेव, भरून ठेव, दळून ठेव.

विजापूरवेस
हे पटतंय. 'एकदा केलेलं रूपांतर राखून ठेवायची सोय चालू करा' असं लिहून बघितलं. पण पुढचंच वाक्य आहे 'कॅश भरली की'. तिथं 'सोय भरली की' कसं लिहू?

सीमेवरचा
उशिरा आलो. पेवाला आमच्या अक्कलकोटकडे कन्नडात हगेव म्हणतात. जुन्या कन्नडातला 'प' पुढे 'ह' झाला, पालुचं हालु झालं, म्हणजे दूध. तसंच 'पगेव' असणार, आणि त्यातला 'ग' गळून आपलं पेव. माझा अंदाज, पण सोडणार नाही.

निवृत्त मुद्रितशोधक
उलटं का नसावं? मराठीतून तिकडे गेलं असेल.

सीमेवरचा
मराठी 'प'चा कन्नडात 'हग' कसा होईल? एक तरी उदाहरण द्या.

दाणेवाला
आमची आत्या कर्नाटकात इंडीला दिलेली, ती 'हगी' म्हणायची. तो हाच शब्द का?

विजापूरवेस
अहो, टिपण उद्या छापायला द्यायचंय.

सीमेवरचा
आत्या 'हगी' म्हणायची की 'हगे'? शेवटचा स्वर नीट आठवून सांगा, त्यावर बरंच अवलंबून आहे.