'वॉर्म' आवाजाला मराठीत काय म्हणाल?

नवे स्पीकर घ्यायचे म्हणून आठवडाभर परीक्षणं वाचतोय. वॉर्म, ब्राइट, मडी, बूमी... 'उबदार आवाज' म्हटलं की मला गोधडीच आठवते. गाण्याबजावण्यातल्या लोकांकडे याला शब्द असतीलच ना?

– आहेत की! माठ घेताना टिचकी मारतो ना आपण? चांगला माठ खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द. 'मडी'ला माझं मत बद्द.

– बद्द नको. बद्द आवाज तिथल्या तिथे मरतो, त्याला आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, नसते. मडी म्हणजे बोदा: आवाज भरपूर, पण धार नाही. साधारण २०० ते ४०० हर्ट्झचा, म्हणजे खालच्या-मधल्या स्वरांचा, भाग फुगला की शब्द एकमेकांना चिकटतात. याच्या उलट 'दाणेदार'. तानेतला स्वर न् स्वर सुटा ऐकू येतो, तसं.

– बूमी म्हणजे घुमणारा, हे सोपं आहे. पण डग्ग्याला घुमारा आहे म्हटलं तर ती दाद असते! घुमारा वाद्याचा, घुमणं बहुतेकदा खोलीचं. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा खर्ज दोन भिंती आणि जमीन मिळून फुगवतात. आधी हातभर पुढे ओढा, मग नावं ठेवा.

– ब्राइट थोडा असेल तर 'खुला', हाताबाहेर गेला की 'टोचरा'. ५ ते ८ हजार हर्ट्झचा भाग चढला की गायिकेचे 'स' आणि 'श' कानात सुईसारखे शिरतात. भोंग्याचा आवाज वेगळा. त्यात खर्ज जवळजवळ नसतोच, म्हणून तो किनरा.

– 'फाटणं' राहिलं. अँप्लिफायरच्या ताकदीबाहेर आवाज वाढवला की लहरींचे माथे छाटले जातात. हा मात्र सरळ दोष, आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

– थोडं अवांतर: आमच्या कोल्हापुराकडे 'डॉल्बी' म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. रे डॉल्बी यांनी १९६५ साली कंपनी काढली आणि नाव कमावलं ते टेपमधली खरखर कमी करून!

– अहो, पण वॉर्मचं काय?

– 'गोल' म्हणा. गवयाच्या आवाजाला गोलाई आहे म्हणतो तसं. फक्त गोल आणि दबका यांत गल्लत नको. दुकानात नुसता तंबोरा लावा. जवारीची, म्हणजे तारा घोडीवर घासून उठणारी, झणकार ऐकू येऊनही टोचली नाही तर स्पीकर गोल. जवारीच गायब झाली तर दबका, मग परीक्षणात काहीही लिहिलेलं असो.

– काल तीन जोड्यांवर तंबोरा लावून बसलो. दोन दबक्या निघाल्या, एक घेतली. दहा मिनिटांनी दुकानदारानं विचारलं, "साहेब, गाणं कधी सुरू होणार?"