मदत हवी आहे : मधुमेह आणि ताठरतेची अडचण

माझे वय ५२ असून ११ वर्षांपासून मला मधुमेह आहे. वर्षभरापासून संबंधाच्या वेळी लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही, आली तरी टिकत नाही, आणि पहाटे आपोआप येणारी ताठरताही जवळजवळ थांबली आहे. त्यामुळे कारण केवळ मनात नसून शरीरात असावे, असे मला वाटते. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असल्याने ही तक्रार हृदयविकाराची पूर्वसूचनाही ठरू शकते, हे वाचल्यापासून काळजी वाढली आहे. औषधाच्या दुकानात मागताच ताठरतेसाठी घेतल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिल गोळ्यांची पट्टी पुढे आली, पण छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी चालू आहे का, एवढेही कोणी विचारले नाही. दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तदाब धोकादायक उतरतो, म्हणून मी ती घेतली नाही. पत्नी समजूतदार आहे, तरी हल्ली दिवा मालवून ती मुकाट्याने कुशीवर वळते, ते मला फार लागते.

आधी मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जावे की मूत्ररोगतज्ज्ञांकडे, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि सकाळचे टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) तपासून मगच जावे का, आणि पत्नीला सोबत न्यावे का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.