मदत हवी आहे: विधी महाविद्यालयासाठी प्राचार्य कुठून आणायचे?

नमस्कार मंडळी. आमचं विनाअनुदानित विधी महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. सध्या कारभार प्रभारींवर चाललाय. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार प्राचार्याला पीएचडी, १५ वर्षांचा अध्यापन-संशोधनाचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. कायदा विषयात एवढं सगळं असलेली माणसं मुळात थोडी, तीही शहर सोडायला तयार नसतात. जाहिरातीला अर्ज येतात ते वकिलांचे. कोर्ट गाजवलेलं असलं तरी ती वर्षं अध्यापनात धरत नाहीत. त्यात नेमणूक ५ वर्षांची, मग बिऱ्हाड कोण हलवणार? अशी भरती कुणी केली आहे का? सहयोगी प्राध्यापकांना थेट गाठावं का? आणि निवड समितीसाठी विद्यापीठाचे प्रतिनिधी लवकर मिळावेत म्हणून पाठपुरावा कसा केलात? वेतन आयोगाप्रमाणे पगार द्यायला संचालक तयार आहेत (लेखी घेतलंय!).