‘हाय-रेझोल्यूशन’ ध्वनीला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली
एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आणि डीव्हीडी-ऑडिओ या गाण्यांच्या तबकड्यांवरचा एक लेख दिवाळी अंकासाठी मराठीत आणतेय, आणि पहिल्याच ओळीत गाडी अडली. ‘हाय-रेझोल्यूशन’साठी यंत्राला विचारलं तर त्याने ‘उच्च ठराव ध्वनी’ असं दिलं. ग्रामसभाच डोळ्यांसमोर आली. ‘उच्च विभेदन’ शास्त्राला धरून आहे, पण फराळाच्या ताटाशेजारी कोण वाचणार? संपादक म्हणतात, ‘उच्च दर्जाचा ध्वनी’ लिहा नि मोकळ्या व्हा. लिहू का?

कानोसा
मुळीच नको. विभेदन हा तबकडीचा हिशोब आहे, दर्जा हा कानाचा निकाल. 1982ची साधी सीडी आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने ठेवते, म्हणजे तेवढ्या वेळा मोजलेली त्याची पातळी; प्रत्येक नमुना 16 बिटांचा, म्हणजे शून्य-एकच्या 16 घरांचा. डीव्हीडी-ऑडिओत 24 बिट आणि 1,92,000 नमुन्यांपर्यंत मजल जाते. 1999मध्ये आलेल्या एसएसीडीची तऱ्हाच वेगळी: बिट एकच, पण सेकंदाला 28 लाखांहून जास्त वेळा. हे सगळं नोंद किती बारीक आहे ते सांगतं. पीठ बारीक दळलं म्हणून भाकरी चांगली होतेच असं नाही.

आणि इथे शब्दाने खरंच घोळ होतो. 2007मध्ये ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी अमेरिकेत केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओच्या आवाजाच्या वाटेत त्यांनी एक यंत्र घातलं. ते चालू केलं की आवाज सीडीच्या मापाला उतरायचा. यंत्र कधी चालू, कधी बंद हे ऐकणाऱ्याला कळत नव्हतं. 554 वेळा विचारलं, 276 उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती! मात्र आवाज भलताच चढवला की शांत जागांमधली सीडीची सूं-सूं ऐकू यायची, हेही त्यांनी नोंदवलंय.

गंमत पुढे आहे. या तबकड्या बऱ्याचदा खरोखर चांगल्या वाजतात, असंही तेच म्हणतात. कारण त्या मोजक्या चोखंदळ गिऱ्हाइकांसाठी निघतात, म्हणून ध्वनिमुद्रण करणारा आवाज दाबून सपाट करत नाही. म्हणजे दर्जा आला तो माणसाच्या हातातून. तुमच्या संपादकांनी ‘उच्च दर्जा’ छापला, तर त्याचं श्रेय आकड्याला जाईल.

तिरकीट
थांबा, एवढ्यात निकाल देऊ नका. 2016मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अशा 18 प्रयोगांचे आकडे एकत्र केले. 12 हजारांवर प्रयत्न, त्यात 52.3 टक्के बरोबर. फरक चिमूटभर, पण नुसता योगायोग म्हणून सोडता येत नाही. आधी काय ऐकायचं ते शिकवलेल्या लोकांचा आकडा 60च्या पुढे गेला. तेव्हा ‘कानसेन’ हा शब्द काही थट्टेपुरता नाही.

पानसुपारी
कानसेनांत माझी गणना नाही, तरी अनुभव लिहितो. माझ्याकडे एक दुपदरी एसएसीडी आहे: वरचा पदर साधा सीडीचा, आतला बारीक नोंदीचा. कित्येक वर्षं मी पाहुण्यांना सांगायचो, ‘आतला ऐका, कसा मोकळा वाटतो!’ भाच्याने एकदा दोन्हींचा आवाज फोनवर मोजला. आतला थोडा मोठा निघाला. त्याने दोन्ही एका पातळीला आणले, बटणावर पंचा टाकला आणि दहा वेळा विचारलं. माझी सहा बरोबर. पाहुण्यांसमोर आता मी गप्प असतो.

मोठा तो भरीव वाटतो, एवढं मात्र त्या दिवशी कळलं.

भाषांतरवाली
पंचा फार आवडला! ‘ब्लाइंड टेस्ट’ला ‘अंध चाचणी’ लिहिताना माझा हात अडखळत होता. ‘झाकून ऐकणं’ चालेल? आणि ‘लिसनर पर्सेप्शन’चं काय करू? ‘श्रवणसंवेदन’ लिहिलं की कानाच्या डॉक्टरांची पाटी वाटते.

तिरकीट
‘झाकून ऐकणं’ झकास. दुसऱ्यासाठी नाम शोधूच नका, मराठीत त्याची क्रियापदं तयार आहेत. ‘ऐकलं’ म्हणजे मी कान दिला, ‘ऐकू आलं’ म्हणजे आवाजच कानावर पडला, आणि ‘जाणवलं’ म्हणजे नेमकं बोट ठेवता येत नाही, पण काहीतरी कळलं. सगळा वाद या तिसऱ्या शब्दापाशी आहे.

तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणकार, लावताना बघा. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवतात. अजून नाही, अजून नाही, आणि एकदम तार बोलायला लागते. नवख्याला विचारलं तर तो म्हणेल ‘छान वाटतंय’. त्याला जाणवलेलं असतं. वेगळं काय ऐकू आलं ते गुरूने दाखवल्यावर कळतं.

कानोसा
आवाजाच्या प्रतीसाठी आपल्याकडे आधीच किती शब्द आहेत. तबला बोदा लागतो, तान दाणेदार असते, स्पीकर फाटतो, जुन्या कॅसेटला खरखर असते. यातला एकही आकड्यात मावत नाही. म्हणून माझं मत: पहिल्यांदा ‘बारीक नोंदीचा (उच्च विभेदन) ध्वनी’, पुढे सरळ ‘हाय-रेझ’. दुकानात तेच म्हणतात.

भाषांतरवाली
ठरलं, असंच पाठवते. जाता जाता एक शेवटचं: लेखक एका तबकडीचा आवाज ‘वॉर्म’ आहे म्हणतो. ‘ऊबदार’ लिहू?

पानसुपारी
ऊबदार गोधडी असते. आवाजाला गोलाई असते.